पुण्यातली ओहोटी

रोल्ला, शारजा
१५ नोव्हेंबर २०२४

अब्बा,

सलाम. हे पाकीटसुद्धा बिस्किटांच्या डब्यात जाणार, मला माहीत आहे. मुनिबा भाभीने सांगितलं की माझी आधीची चारही पत्रं तुम्ही न फोडता त्या निळ्या डब्यात टाकलीत आणि डबा कपाटावर चढवलात. फोनवर काही पाठवलं तर भाभीचा फोन उपडा करून ठेवता. ठीक आहे. दोन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत नाही आणि दोन वर्षं मी लिहायची थांबत नाही. मीही तुमचीच मुलगी. बघू कोण आधी दमतं ते.

दुआ आठ वर्षांची झाली. परवा विचारते, "मम्मा, इज नाना अँग्री विथ मी ऑल्सो?" म्हटलं, नाही गं बाई, फक्त माझ्यावर. तर म्हणते, "ओह, गुड." असली माणसं पोसतेय मी इथे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भाभी म्हणाली, रोज संध्याकाळी साडेसातला तुम्ही टीव्हीसमोर बसता. आवाज पूर्ण बंद, कारण ऐकूच येत नाही तर वीज कशाला जाळायची! आणि ती पुण्याच्या बंगल्यातली मालिका बघता, कारण तिच्याखाली अक्षरं येतात. बाकीच्या मालिकांत नुसती तोंडं हलतात, हिच्यात माणसं बोलतात, असं म्हणालात म्हणे.

अब्बा, ती अक्षरं मी लिहिते.

ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला, एकविसाव्या मजल्यावर. शारजाहून जायला कधी दीड तास, कधी दोन. ट्रॅफिकचं तुम्हाला काय सांगायचं, सव्वीस वर्षं इथल्या शिपयार्डाच्या बसमध्ये तुम्ही तेच केलंत. हेडफोन लावून बसायचं, एपिसोड ऐकायचा आणि एकेक वाक्य वेळेवर बसवायचं. शिवाय नुसते संवाद लिहून भागत नाही. बहिऱ्या माणसाला दार वाजलेलंही कळायला हवं, म्हणून आवाज कंसात लिहायचे. [दार वाजतं.] [कुकरची तिसरी शिट्टी.] [ती हुंदका गिळते.] एक जण लिहितो, दुसरा तीच फाईल पुन्हा ऐकून तपासतो आणि खाली सही करतो, की ऐकू आलं तेच आहे. त्या सहीशिवाय फाईल पुढे सरकत नाही. आमच्यात तपासणारा म्हणजे परेश, नागपूरचा. त्याचा कान इतका तिखट आहे की पंख्याला एसी लिहिलं तरी फाईल परत पाठवतो.

इंटरव्ह्यूत विचारलं, अनुभव काय? मी म्हटलं, माझ्या वडिलांचे कान यार्डात गेले, जहाजांचा गंज हातोड्याने झोडता झोडता. ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा गावाहून येणारा प्रत्येक फोन मी दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायची आणि वहीत उतरवून त्यांना वाचायला द्यायची. अडीच वह्या भरल्या. तिथल्या मॅडम म्हणाल्या, यल्ला, चल, सोमवारी जॉइन हो.

त्या कागदाबद्दल आज लिहीत नाही. तेवढी हिंमत नाही.

तुमची,
नबिला


२० डिसेंबर २०२४

अब्बा,

सलाम. आज सकाळी रोल्लात इतकं धुकं होतं की खालचं सोन्याचं दुकानही दिसेना. बस कासवाच्या चालीने चालली होती. खिडकीबाहेर सगळं पांढरं. मी डोकं टेकलं आणि अर्धवट झोपेत असं वाटायला लागलं, की रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाखाली अक्षरं चालली आहेत. एक बंगाली माणूस सायकलवरून गेला, त्याच्याखाली [घंटी, एकदा.] चहावाल्याखाली [दूध उतू जातं.] मग धुक्यातून तुम्ही आलात, यार्डाच्या निळ्या डगल्यात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तुमचे ओठ हलत होते. खाली बघितलं तर ओळ कोरी. मी घाबरून वाचायला वाकले, तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माझं कपाळ आपटलं. टेंगूळ आलंय, दुआ फोटो काढून मैत्रिणींना दाखवतेय.

हे असं मला हल्ली फार होतं. जागेपणीही सगळ्याखाली अक्षरं दिसतात.

आता एक कबुली. ओरडू नका. म्हणजे ओरडा, तेवढं तरी करा.

गेल्या आठवड्यात मालिकेत ती थोरली सून गच्चीत एकटी बसते ना, नवरा निघून गेल्यावर? त्या सीनला चाळीस सेकंद काही आवाज नाही. म्युझिकही नाही. तिथे [शांतता] लिहायचं असतं, दुसरं काही नाही. मी लिहिलं, आणि मला तुम्ही दिसलात. ओटीवरच्या लाकडी खुर्चीत, पाय वर घेऊन, तो शब्द वाचताना. वाटलं, या माणसाकडे शांतता कमी आहे का, की वरून मीही पाठवू? मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, [दूरवर ओहोटीचं पाणी.]

लहानपणी तुम्ही मला जेटीवर डोळे मिटून बसवायचात, आठवतं? भरती की ओहोटी, कानाने सांग. भरतीचं पाणी दगडांना थापा मारतं. ओहोटीचं चिखलातून चुळबुळत जातं, होड्यांचे दोर सैल पडतात. बरोबर सांगितलं की चार आण्यांची गोळी मिळायची. तेच मला तुम्हाला ऐकवायचं होतं. परेश सुट्टीवर नागपूरला गेला होता आणि त्या आठवड्यात फाईल मीच लिहिली, मीच तपासली, सहीही मीच ठोकली. एका सीनवर थांबले असते तर गोष्ट वेगळी. तीनदा लिहिलं.

भाभीला विचारलं, अब्बा काही म्हणाले का? ती म्हणाली, नाही, पण परवा मालिका संपल्यावरही बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत बसले होते. मला किती बरं वाटलं ते काय सांगू.

नबिला


१७ जानेवारी २०२५

अब्बा,

तुमचं पत्र आलं.

मला नाही, कंपनीच्या पी. ओ. बॉक्सवर. परेशने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "नबिला, मराठीत कम्प्लेंट आलीय, हाताने लिहिलेली. बघ बरं." पाकिटावरचं अक्षर मी बघताक्षणी ओळखलं. 'र'चा तो लांब शेपटा आणखी कुणाचा असणार? दोन वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं, तेही "माननीय कॅप्शन विभाग" अशा मायन्याखाली!

तुम्ही लिहिलंय, "भाग ११८, ११९ व १२१ मध्ये ओहोटीचे पाणी असे लिहिले आहे. गोष्ट पुण्यात घडते. पुण्यात समुद्र नाही. सुनेला विचारले, ती म्हणाली तिथे कसलाच आवाज नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्याला तुम्ही लिहाल तेच खरे. म्हणून बहिऱ्याला खोटे ऐकवू नये. शांतता असेल तर शांतता लिहा. ती आम्हाला सोसते. रफिक परकार, निवृत्त, बहिरा."

परेश आधी पोट धरून हसला. पुण्यात ओहोटी! मग फाईल काढून तारखा बघितल्या, सही कोणाची ते बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला वॉर्निंग लेटर मिळालं. पुन्हा असं झालं तर खलास, असं मॅडमनी सरळ सांगितलं. मी पँट्रीत जाऊन रडले. आधी रागाने रडले, की मी कुणासाठी केलं आणि हा माणूस माझ्या पोटावर पाय देतो! मग तेच पत्र काढून पुन्हा वाचलं आणि तुमच्या अक्षरावरून बोट फिरवत बसले. मग हसले. चहा करणारी फिलिपिनो बाई घाबरून बाहेर गेली.

अब्बा, "बहिऱ्याला खोटं ऐकवलंस" हेच तुमचं मला आलेलं शेवटचं वाक्य होतं. तुम्ही कंपनीला लिहिलंत, पण मारलंत मलाच. आता कागदाचं लिहिते. हे आपलं दोघांचं आपल्याला ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने एकदा सगळं लिहायचं आहे.

अम्मीला लकवा झाला तेव्हा तुम्ही माझ्याकडे होतात. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. दुपारी भाभीचा व्हिडिओ कॉल आला. चित्र लगेच अडकलं, नुसता पांढरा चौकोन, पण आवाज चालू राहिला. तुम्ही त्या चौकोनाकडे बघत होतात आणि मी स्पीकर लावून कान देऊन बसले होते. तुम्ही म्हणालात, "लिही, काय म्हणतेय ती?"

अम्मी काहीच म्हणत नव्हती. तिची वाचा दोन दिवसांपूर्वीच गेली होती. भाभीने ते मला सांगितलं होतं आणि मी तुमच्यापासून लपवलं होतं. तुम्ही माझ्या पेनाकडे असे बघत होतात की मला ते सहन होईना. मी लिहिलं, "माझी काळजी करू नका. तुम्ही मला काही कमी केलं नाहीत. मी सुखी आहे." तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवलात. पोचलात ते मातीला पोचलात. आणि तिसऱ्या दिवशी, मोहल्ल्यातली माणसं बसायला आली तेव्हा, तुम्ही तो कागद काढून सगळ्यांना वाचून दाखवलात. तेव्हा कुणीतरी म्हणालं, पण रफिकभाई, नबिलाच्या अम्मीची तर बोलतीच बंद होती.

सगळ्यांसमोर तुमचं काय झालं असेल, त्याचा विचार मी रोज करते. कागद तुम्ही मला परत पाठवलात. निरोप दिलात की नबिलाने या उंबऱ्यात पाय ठेवू नये. मी चुकले, अब्बा. प्रेमाने चुकले असं म्हणणार नाही, तेही खोटंच होईल. मी भित्री होते, म्हणून चुकले.

नबिला


१२ फेब्रुवारी २०२५

अब्बा,

सलाम. तुमच्या कम्प्लेंटनंतर मी एक ठरवलं.

त्या दिवसाचा कॉलही सवयीप्रमाणे दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड झाला होता. तो जुना फोन दुआच्या शाळेच्या कागदांखाली पडून होता. मी त्याला कधी हात लावला नव्हता. शनिवारी ऑफिसात कुणी नसतं. फोन चार्ज केला, फाईल कॉम्प्युटरवर घेतली, हेडफोन लावला आणि इतर कुठलीही फाईल करते तशी केली. सेकंद मोजून. खिडकीखाली तलाव, त्यावर ऊन, आणि माझ्या कानात आपलं घर. काही वेळाने मला वाटायला लागलं की मी एकविसाव्या मजल्यावर नाहीच, मी अम्मीच्या खाटेखाली लपले आहे, लहान असताना लपायची तशी, आणि वर माणसं चालताहेत.

अकरा मिनिटांत घराकडून जे ऐकू आलं ते सगळं खाली लिहिते. एकही शब्द पदरचा नाही.

[०:०४ पंखा. एक पातं घासतंय.]
[०:३१ अम्मीचा श्वास. आत घेताना घरघर.]
[१:१० मुनिबा: "अम्मी, शारजाहून फोन आहे. अब्बा आहेत."]
[१:१८ श्वास थांबतो. पुन्हा सुरू.]
[२:४० बाहेर कोंबडी.]
[४:०६ बांगड्या, खाटेच्या लोखंडावर. दोनदा.]
[४:१५ बांगड्या. दोनदा.]
[६:५० मुनिबा रडते. तोंडावर ओढणी.]
[९:२० बांगड्या. दोनदा. हळू.]
[९:३६ बांगडी. एकदा.]
[११:०२ फोन बंद.]

चार मिनिटं सहा सेकंदांवर मी फाईल थांबवली आणि हेडफोन काढून ठेवला. त्या दिवशीही हा आवाज मी ऐकला होता. वाटलं होतं, हात थरथरतोय. हात थरथरत नव्हता, अब्बा.

अम्मीने जन्मात कधी तुमचं नाव घेतलं नाही. जेवण वाढलं की ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर बांगड्या आपटायची, दोनदा, म्हणजे या. तुम्ही ओटीवरून म्हणायचात, "आलो." तुमचे कान गेल्यावरही ती वाजवायचीच, सवयीने, आणि मी हाताने खूण करून तुम्हाला उठवायची. मला हे ठाऊक होतं. सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं. अम्मी तुम्हाला हाक मारत होती आणि मी तिच्या हाकेवर स्वतःची तीन गोडगोड वाक्यं लिहून मोकळी झाले. तिची वाचा गेली होती, पण ती बोलली होती. ते तुमच्यापर्यंत मी पोचू दिलं नाही.

शेवटचं, ९:३६ चं, मला कळलं नाही. एकदा वाजवलेलं मी घरात कधी ऐकलं नाही. कळलं नाही ते कळलं नाही असंच लिहिते.

यात तुमची बाजू लिहिलेली नाही, नुसती घरातली. तुमचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे म्हणून.

उंबऱ्याचं काही मागत नाही. एवढं वाचा. डब्यात टाकू नका, अब्बा, तुमच्या पाया पडते. हे एक वाचा.

नबिला


१९ मार्च २०२५

अब्बा,

सलाम. रोजा सोडायची तोफ आत्ताच झाली. दुआ अर्धा खजूर हातात धरून विचारतेय, "मम्मा, व्हाय आर यू क्रायिंग अँड ईटिंग?" तुमचं पत्र मला परवा ऑफिसच्या बॉक्सवर मिळालं, आणि या वेळी पाकिटावर माझं नाव होतं. नबिला, नुसतं नबिला. आडनाव नाही, डिपार्टमेंट नाही. परेशने पाकीट हातात दिलं आणि हेडफोन लावून माझ्याकडे पाठ केली.

आधी तुमची चोरी सांगते. भाभीला रमजानच्या साफसफाईत तुमच्या खाटेखाली छोटी किटली आणि गोंदाची बाटली सापडली. तिला काही कळेना. मला बरोब्बर कळलं. वाफेवर पाकीट उघडायचं, वाचायचं, गोंद लावून परत डब्यात! दोन वर्षं! आणि आम्ही समजतोय म्हातारा हट्टी आहे. हट्टी आहातच, वर लबाडही आहात. बहिऱ्याला खोटं ऐकवू नये म्हणे, आणि बहिऱ्याने सगळ्यांना फसवलेलं चालतं काय?

तुमचं पत्र आठच वाक्यांचं. मी पाठ केलंय.

"एकदा म्हणजे ऐकले. मी आलो म्हटले की ती चौकटीवर एकदा वाजवायची. तुम्ही पोरे तेव्हा ताटावर तुटून पडलेली असायचात, तुम्हाला काय कळणार. म्हणजे त्या दिवशी मी काही बोललो असेन. मला आठवत नाही, मला माझेही ऐकू येत नाही. मी काय बोललो ते नीट ऐकून लिही. पोस्टाने पाठवू नकोस, हरवते. हातात घेऊन ये."

अब्बा, तिकीट काढलं. अठ्ठावीसला पोचते, ईद तुमच्यापाशी. दुआ बरोबर आहे. रस्त्यात समुद्र दाखवून ओहोटी म्हणजे काय ते तिला सांगायचंय. दाराशी येऊन मी चौकटीवर बांगड्या वाजवीन, दोनदा. तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

कागद हातातच आणते. पण आत जे आहे ते नऊ दिवस पोटात ठेवणं माझ्याच्याने होणार नाही.

मी पुन्हा ऐकलं. या वेळी आपल्या बाजूचं. ऐकलं आणि मला भीती वाटली. वाटलं, हे इतकं चांगलं आहे की अब्बांना वाटेल, पोरीने पुन्हा गोड करून लिहिलं. पुन्हा पुण्यात ओहोटी आणली. माझी शपथ तुमच्या लेखी आता कवडीची, ते मला मान्य आहे. म्हणून मी ती फाईल परेशकडे दिली. सगळं सांगितलं, अम्मीचं, कागदाचं, त्या कम्प्लेंटचंही, ती कुणाची होती ते. म्हटलं, नेहमीसारखी तपास, दया करू नकोस. तो दार लावून बसला. अकरा मिनिटांची फाईल, त्याने पाऊण तास घेतला. दोन जागी वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली होती, ती सुधारून आणली. डोळे लाल झाले होते.

सुधारलेलं हे असं आहे.

[९:२० बांगड्या. दोनदा. हळू.]
[९:३१ अब्बा, मोठ्याने: "आलो. उद्या आलो."]
[९:३६ बांगडी. एकदा.]

तपासले. ऐकू आले तेच लिहिले आहे.
परेश